बान्ह मी

बान्ह मी : व्हिएटनाममधील एक लोकप्रिय खाद्यपदार्थ. आखूड, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला पाव लांबीच्या बाजूने चिरून त्यात मांस, यकृताचे मऊ वाटण, अंड्याच्या बलकापासून केलेले दाट लोणीसदृश मिश्रण, गाजर व मुळा यांचे आंबटगोड लोणचे, काकडी, कोथिंबीर व ताजी मिरची भरून तो तयार करतात. व्हिएटनामी भाषेत ही संज्ञा मूलतः केवळ गव्हाच्या पावाची द्योतक आहे. भरलेल्या पावाचा निर्देश करताना आतील पदार्थाचे नाव तिच्यापुढे जोडतात. देशाबाहेर मात्र हे नाव भरलेल्या पावालाच रूढ झाले आहे. फ्रान्समधील लांब पावाशी (बागेत) याचे नाते उघड असले, तरी हा पाव बराच आखूड, वजनाला हलका, पातळ व चटकन तडकणाऱ्या कवचाचा आणि आतून अतिशय सच्छिद्र असतो. त्याचा हलकेपणा पिठात मिसळलेल्या तांदळाच्या पिठामुळे येतो, अशी समजूत प्रचलित आहे. तथापि तांदळात ग्लुटेन नसल्याने त्याचे प्रमाण वाढल्यास पाव फुगण्याऐवजी दडस होतो. अनेक भट्टीवाले निव्वळ गव्हाचेच पीठ वापरतात. यीस्टचे भरपूर प्रमाण, जलद फुगवण आणि भट्टीतील वाफ हीच हलकेपणाची खरी कारणे होत.

बान्ह मी हा शब्द फ्रेंच ‘पँ द मी’ या शब्दसमूहाचा अपभ्रंश असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. पण ते ग्राह्य धरता येत नाही. व्हिएटनामीत ‘बान्ह’ ही भाजलेल्या, उकडलेल्या वा तळलेल्या असंख्य पिष्टमय पदार्थांची जातिवाचक संज्ञा असून ‘मी’ (गहू) हा शब्द चिनीतून आलेला आहे. कॅथलिक धर्मप्रचारक झां-ल्वी ताबेर याने संपादिलेल्या लॅटिन-व्हिएटनामी शब्दकोशात (१८३८) हा शब्द नोंदविलेला आहे. हा कोश बंगालमधील सेरामपूर येथे छापला गेला. म्हणजे फ्रेंचांनी १८५८ मध्ये व्हिएटनामवर हल्ला केला, त्याच्या वीस वर्षे आधीच पावाला देशी नाव मिळाले होते व ते ख्रिस्ती मिशनांच्या परिसरात वापरात होते. उत्तरेत पुढे दीर्घकाळ ‘बान्ह ताय’ म्हणजे ‘पाश्चात्त्य बान्ह’ असाही शब्द चालू राहिला. मराठीने पोर्तुगीजांचा पाव घेताना त्याचे नावही घेतले. व्हिएटनामीने पावाला आपले नाव दिले. याउलट पावात भरावयाच्या वस्तू मात्र फ्रेंच नावांसह आल्या : यकृताचे वाटण (पाते) ‘पा-ते’ झाले, लोणी (बर) ‘बो’ झाले, खारवलेले डुकराचे मांस (जांबाँ) ‘झाम बाँग’ झाले. या पदार्थाचा इतिहास या शब्दांवरूनही ताडता येतो. पाव आणि त्याचे भरण हे दोन वेगवेगळ्या काळांत व वेगवेगळ्या मार्गांनी रुळले आहेत.

फ्रेंचांनी १८५८ मध्ये दा नांगवर हल्ला केला, १८५९ मध्ये सायगाव घेतले व १८६२ च्या तहान्वये दक्षिणेतील तीन प्रांत मिळविले. या संघर्षात पाव हा परकीय सत्तेचे चिन्ह बनला होता. याचा सर्वांत बोलका पुरावा अंध कवी न्ग्वेन दिन्ह च्येऊ (१८२२–८८) याच्या रचनेत आढळतो. कान ज्योक येथे डिसेंबर १८६१ मध्ये फ्रेंच ठाण्यावरील हल्ल्यात शेतकरी मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ त्याने रचलेले शोकस्तवन व्हिएटनामी साहित्यात श्रेष्ठ मानले जाते. परक्यांच्या सैन्यात राहून पातळ मद्य पिणे व पाव चावणे ही त्यात लाजिरवाण्या जिण्याची खूण म्हणून येते. ज्या पदार्थाचा आज राष्ट्रीय अभिमानाने उल्लेख होतो, त्याच्या नावाचा साहित्यातील हा एक प्रारंभीचा आढळ आहे. व्हिएटनामी खाद्येतिहासाच्या लोकप्रिय वर्णनांत तो सहसा वगळला जातो. वस्तुतः पुढील सर्व स्थित्यंतराचे मोजमाप त्यावरूनच करावे लागते.

वसाहतीतील फ्रेंच अधिकाऱ्यांच्या दृष्टीने भात व पाव यांतील भेद हा शासित व शासक यांच्यातील भेद होता. उष्ण व दमट हवेमुळे व्हिएटनाममध्ये गहू पिकत नाही. पीठ समुद्रमार्गे आणावे लागे, त्यामुळे पाव महाग पडे. तरीही युरोपियन व्यक्तीने युरोपियन अन्नच खावे, हा प्रतिष्ठेचा संकेत कसोशीने पाळला जाई. अमेरिकन इतिहासकार एरिका पीटर्स यांनी एकोणिसाव्या शतकातील व्हिएटनामच्या आहारावरील आपल्या ग्रंथात या मनोवृत्तीचे तपशीलवार विवेचन केले आहे. प्रत्यक्षात ही सीमारेषा फार काळ टिकली नाही. पावाच्या भट्ट्यांवर स्थानिक व चिनी कारागीर राबत असत. त्यांच्याकडून ही कला शहरात पसरली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सायगावातील व्हिएटनामी रहिवासी न्याहारीला लहान पाव विकत घेऊ लागले. पहिल्या महायुद्धात इंडोचायनातून सु. ९०,००० सैनिक व कामगार फ्रान्सला पाठविण्यात आले. पाव हे शेतकऱ्याचे व मजुराचेही रोजचे अन्न आहे, हे त्यांनी तेथे पाहिले. ज्याला वसाहतीत सत्तेचे चिन्ह मानले जाई, त्याचे गूढ या अनुभवाने पुष्कळसे उरले नसावे.

असे असले, तरी या काळातील पाव हा आजचा बान्ह मी नव्हे. संपन्न कुटुंबात तो बशीत वाढला जाई. सोबत थंड मांसाचे काप, लोणी व यकृताचे वाटण वेगवेगळे ठेवीत आणि फ्रेंच शब्दावरून या अल्पोपाहाराला ‘कात-कूत’ म्हणत. गरिबाच्या वाट्याला कोरडा पाव येई; तो साखर वा आटविलेल्या डब्यातील दुधात बुडवून खात. डब्यातील दूध ही ताज्या दुधाची परंपरा नसलेल्या देशाने केलेली सोय होय. मॅगी नावाचा गडद, खारट स्वादार्कही याच सुमारास रुळला. भारतात हे नाव शेवयांमुळे परिचित आहे. व्हिएटनाममध्ये मात्र ते या द्रवासाठीच वापरतात आणि पावात त्याचे चार थेंब घातल्याखेरीज अनेकांचे समाधान होत नाही.

निर्णायक बदल १९५४ नंतर झाला. जिनीव्हा करारान्वये देश सतराव्या अक्षवृत्तावर विभागला गेला आणि आठ ते दहा लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत आले. त्यांत मांसपदार्थ तयार करण्याचे फ्रेंच तंत्र अवगत असलेले काही व्यावसायिकही होते. हॅनोईत अशा पदार्थांच्या व्यवसायाचा अनुभव घेतलेल्या एका दांपत्याने सायगावात १९५८ मध्ये ‘होआ मा’ हे दुकान काढले. सर्व जिन्नस एकाच आखूड पावात भरून तो हातात देण्याची पद्धत सामान्यतः या दुकानापासून सुरू झाली, असे मानतात. घाईने कामावर वा शाळेत निघालेल्या गिऱ्हाइकाला बशीपाशी बसण्यास सवड नव्हती, हे त्यामागील साधे कारण. एखाद्या पदार्थाच्या जन्माचे श्रेय एकाच दुकानाला देणे नेहमीच धोक्याचे असते. परंतु हा बदल त्या दशकात, सायगावात व उत्तरेकडील निर्वासितांच्या हातून घडला, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. महाग मांसाचे प्रमाण कमी करून त्याची जागा भाजी, लोणचे व कोथिंबीर यांनी भरून काढण्यात आली. लोण्याऐवजी अंड्याचा बलक व तेल यांचे मिश्रण आले. केळीच्या पानात गुंडाळून उकडलेल्या कुटलेल्या मांसाची वडी (दक्षिणेत ‘चा लुआ’, उत्तरेत ‘झो लुआ’) हॅमच्या शेजारी बसली. काटकसरीतून झालेल्या या फेरफारांनीच पदार्थाला त्याची चव दिली. याच काळात अमेरिकेच्या साहाय्यातून दक्षिण व्हिएटनाममध्ये गव्हाच्या पिठाचा पुरवठा वाढला आणि पाव स्वस्त झाला.

सायगावच्या पाडावानंतर (१९७५) चित्र पालटले. शिधापत्रिकांच्या त्या कालखंडात, म्हणजे १९८६ पर्यंत, तांदळाचा तुटवडा असे व शिध्याचा काही भाग गव्हाच्या पिठाच्या रूपाने मिळे. ते पीठ देऊन त्या बदल्यात पाव वा शेवया करून घेण्यासाठी लोक रांगा लावीत. भाताऐवजी नाइलाजाने खावयाचे अन्न म्हणून त्या पिढीच्या आठवणीत पावाची एक वेगळीच, काहीशी कडवट जागा आहे. पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात (डिसेंबर १९८६) ‘दोई मोई’ हे आर्थिक नूतनीकरणाचे धोरण स्वीकारले गेले व त्यानंतर खाजगी हातगाड्या पुन्हा उघडपणे रस्त्यावर आल्या.

प्रादेशिक प्रकार : सायगावचा (१९७६ पासून हो चि मिन्ह नगर) बान्ह मी सर्वांत भरगच्च असून त्यात अनेक प्रकारचे मांस एकत्र घालतात. डुकराच्या उकडलेल्या कातडीचे बारीक धागे भाजलेल्या तांदळाच्या पुडीत घोळवून केलेला ‘बी’, मसालेदार रश्शात शिजविलेली आतडी व तत्सम अवयव (‘फा लाउ’), डब्यातील सार्डिन मासे, तव्यावरील अंडी असे त्याचे पोटप्रकार आहेत. दक्षिणी रुचीनुसार तो किंचित गोडसर लागतो. हॅनोईतील प्रकार याच्या तुलनेने संयमित असून यकृताचे वाटण, लोणी, वडीचे काप व मिरचीचा सॉस एवढ्यावर थांबतो. हॅनोईकरांना सायगावचा पाव पसाऱ्यासारखा वाटतो व सायगावकरांना हॅनोईचा रिकामा. या वादात दोन्ही शहरांच्या एकमेकांविषयीच्या एकूण मताचे प्रतिबिंब पडलेले दिसते.

हायफाँग या उत्तरेकडील बंदरातील प्रकार अगदीच निराळा आहे. बोटाएवढ्या जाडीच्या कांडीसारख्या पावात केवळ यकृताचे वाटण व ‘ची च्योंग’ नावाचा तिखट सॉस असतो. तो गरम भाजून देतात आणि एका वेळी कित्येक कांड्या खाल्ल्या जातात. मध्य व्हिएटनाममधील होई आन येथे पाव अधिक टोकदार असून मांस शिजवितानाचा रस व अनेक सॉस यांचे थर त्यावर देतात. जुनी राजधानी ह्वे येथे कोळंबी व मांस भरून टॅपिओकाच्या पिठात उकडलेली लहान बोंडे चक्क पावात घालतात. आहारशास्त्रदृष्ट्या पिष्टात पिष्ट भरण्याची ही रीत असमर्थनीय असली, तरी कुरकुरीत व चिवट यांचा तो मेळ ह्वेकरांना प्रिय आहे. न्या चांगसारख्या किनारी नगरात मांसाची जागा माशांच्या तळलेल्या वड्यांनी घेतली आहे. फ्रेंचांनी सु. १,५०० मी. उंचीवर वसविलेल्या दा लात या थंड हवेच्या ठिकाणी पाव भरतच नाहीत. मांसाचे गोळे घातलेला गरम रस्सा वाटीत देऊन त्यात पाव बुडवितात. या गोळ्यांचे ‘सिऊ माई’ हे नाव कँटनी आहे. त्यामुळे फ्रेंच भट्टी, चिनी मांसगोळे व व्हिएटनामी मिरची ही तिन्ही या एका न्याहारीत एकत्र येतात.

भारताशी असलेला दुवाही बुडवून खाण्याच्या याच पद्धतीत सापडतो. पुदुच्चेरीच्या फ्रेंच वसाहतीतून आलेले तमिळ कर्मचारी व सावकारी करणारे चेट्टियार यांची वस्ती सायगावात होती. त्यांच्याकडून घेतलेली कोंबडीची आमटी दक्षिण व्हिएटनाममध्ये ‘का री गा’ म्हणून ओळखली जाते. नारळाचे दूध व रताळी यांमुळे ती सौम्य झाली आहे. ती भाताबरोबर न खाता बहुधा पावाबरोबरच खातात.

इंडोचायनातील इतर भागांतही ही परंपरा आहे. कंबोडियात ‘नुम पांग’ व लाओसमध्ये ‘खाओ ची’ या नावांनी भरलेला पाव मिळतो. १९७५ नंतर देश सोडून गेलेल्या निर्वासितांनी बान्ह मी अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व ऑस्ट्रेलिया येथे नेला. परमुलखात भांडवल थोडे व भाषा अपुरी अशा स्थितीत पावाची भट्टी हा व्यवसाय त्यांतल्या त्यात साध्य होता. कॅलिफोर्नियातील सॅन होसे व वेस्टमिन्स्टर ही त्याची प्रारंभीची मोठी केंद्रे होत. न्यू ऑर्लीन्समध्ये तेथील फ्रेंच वारशाच्या ‘पो बॉय’ या भरलेल्या पावाशी साम्य दिसल्याने त्याला ‘व्हिएटनामी पो बॉय’ म्हणू लागले. ऑस्ट्रेलियात तो ‘पोर्क रोल’ झाला. कित्येक दुकानांना ‘बा ले’ म्हणजे पॅरिस हे नाव दिलेले आढळते. २४ मार्च २०११ रोजी ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात बान्ह मी हा शब्द भाषांतर न करता समाविष्ट झाला. हो चि मिन्ह नगरात या पदार्थाचा पहिला महोत्सव मार्च २०२३ च्या अखेरीस भरला. त्यात बान्ह मी राष्ट्रीय वारसा म्हणून मांडण्यात आला. कान ज्योक याच शहराच्या दक्षिणेस असून तेथील युद्धाला तेव्हा एकशे एकसष्ट वर्षे झाली होती.