तापमानवाढ झाकणारी सावली

मोशीहून इंद्रायणी ओलांडून पुणे-नाशिक महामार्गाने चाकणच्या दिशेने निघाले, की चिंबळीनंतर कुरुळी लागते. खेड तालुक्यातील हे गाव आज पिंपरी-चिंचवड आणि चाकण या दोन औद्योगिक क्षेत्रांच्या मधोमध आले आहे. थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही. तेव्हा वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ आणि जळणातून निघणारे वायू धुरक्याच्या रूपाने साचून राहतात आणि सकाळचे ऊन फिके पडते.

या फिक्या उन्हाचा पृथ्वीच्या तापमानाशी जवळचा संबंध आहे. वातावरणात जेवढे हरितगृह वायू साचले आहेत, त्या मानाने पृथ्वी अजून पुरेशी तापलेली नाही. समुद्रांनी शोषून घेतलेली उष्णता हे त्याचे एक कारण आहे. तर हवेतील धूर, धूळ आणि गंधकयुक्त कणांनी धरलेली सावली हे दुसरे. जागतिक तापमानवाढीच्या चर्चेत पृथ्वीला तापवणाऱ्या घटकांविषयी बरेच लिहिले जाते. तिला किंचित थंड करणारे घटकही आहेत. ते कोणते, त्यांचे बळ किती आणि त्यांचा भरवसा किती काळ धरता येईल, हे समजून घेतल्याशिवाय पुढील काही दशकांचा अंदाज बांधता येणार नाही.

थंडाव्याचा हिशेब

हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीने (आयपीसीसी) ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा हिशेब मांडला आहे. १८५०-१९०० या कालखंडाच्या तुलनेत २०१०-२०१९ या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते. हरितगृह वायूंचा वाटा स्वतंत्रपणे मोजला, तर तो १ ते २ अंशांच्या दरम्यान येतो. मानवनिर्मित सूक्ष्म कण आणि अन्य मानवी घटकांनी शून्य ते ०.८ अंशांपर्यंत थंडावा दिला असावा, असे हा अहवाल सांगतो. सूर्य आणि ज्वालामुखी यांचा या संपूर्ण काळातील निव्वळ परिणाम मात्र अधिक-उणे ०.१ अंशाच्या आतच राहिला.

याचा अर्थ असा, की निसर्गाने दिलेला थंडावा अधूनमधून जाणवत असला, तरी दीर्घकाळात तो नगण्य ठरला आहे. मानवी थंडावा त्याहून मोठा आहे. परंतु तो मुख्यत्वे प्रदूषणातून आलेला आहे.

ज्वालामुखीची राख

नैसर्गिक घटकांमध्ये सर्वांत ठळक परिणाम ज्वालामुखींचा असतो. राख काही दिवसांत वा आठवड्यांत खाली बसते. खरे काम करतो तो सल्फर डायऑक्साइड वायू. स्फोट जोरदार असेल, तर हा वायू स्थितांबरापर्यंत पोहोचतो, तेथे त्याचे गंधकाम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांत रूपांतर होते आणि हे थेंब सूर्यप्रकाश परावर्तित करतात. स्थितांबरात पाऊस नसल्याने ते एक-दोन वर्षे टिकतात. फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा जून १९९१ मध्ये उद्रेक झाला. त्यातून दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला आणि १९९२ मध्ये पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तंबोरा ज्वालामुखीने याहूनही मोठा उत्पात घडवला. त्यानंतरचे १८१६ हे साल युरोप आणि ईशान्य अमेरिकेत ‘उन्हाळ्याविना वर्ष’ म्हणून ओळखले जाते.

अशा दूरच्या उद्रेकांची खूण पुणे जिल्ह्यातही सापडते. कुरुळीवरून जाणारा महामार्ग पुढे जुन्नर तालुक्यातून जातो. या तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीय राखेचा थर आढळला असून, ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असल्याचे तिच्या रासायनिक घडणीवरून मानले जाते. टोबाचा शेवटचा महास्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. बोरीची राख त्याच स्फोटाची की त्याआधीच्या एखाद्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र हजारो किलोमीटरवरील उद्रेकाची राख सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन पडू शकते, हे या थरावरून निर्विवादपणे दिसते.

सूर्य, कक्षा आणि ला निना

सूर्याच्या तेजात सुमारे ११ वर्षांच्या चक्रात फेरफार होतो. परंतु तो जेमतेम ०.१ टक्का असतो आणि पृथ्वीच्या तापमानात त्यामुळे पडणारा फरकही साधारण ०.१ अंशाचाच असतो. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरील डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. तसा शांत काळ पुन्हा आला, तरी त्यातून मिळणारा थंडावा अंशाच्या काही दशांशांपलीकडे जाणार नाही, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. पृथ्वीच्या कक्षेत आणि अक्षाच्या कलात होणारे बदल हिमयुगे आणतात. पण त्यांचा वेग हजारो वर्षांचा असतो.

प्रशांत महासागरातील ‘ला निना’ स्थितीमुळे जगाचे तापमान एक-दोन वर्षे किंचित उतरते. तथापि, हा खरा थंडावा नव्हे. उष्णता तेवढ्यापुरती समुद्राच्या पोटात जाते इतकेच. २०२० ते २०२३ या काळात सलग तीन हिवाळे ला निना टिकून होती. तरीही ती वर्षे नोंदींतील सर्वाधिक उष्ण वर्षांमध्येच गणली गेली.

पायाखालचा काळा पाषाण

एक नैसर्गिक थंडावा कुरुळीच्या जमिनीतच आहे. दख्खनचे पठार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनले. त्या उद्रेकांच्या वेळी गंधकयुक्त वायूंनी काही काळ थंडी आणली असावी आणि कार्बन डायऑक्साइडने नंतर दीर्घकाळ उष्णता वाढवली असावी, असे मानले जाते. त्याच लाव्हारसाचा बनलेला बेसाल्ट, म्हणजेच आपला काळा पाषाण, आज उलट दिशेने काम करतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते, ते खडकातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी संयोग पावते आणि तयार झालेले बायकार्बोनेट इंद्रायणी, भीमा आणि कृष्णा या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. शेतातली काळी माती हे याच झिजेचे फलित होय.

ही प्रक्रिया लाखो वर्षांच्या हिशेबात पृथ्वीचे तापमान आवाक्यात ठेवते. परंतु तिचा वेग अत्यंत मंद आहे. जगभरातील सिलिकेट खडकांच्या झिजेतून वर्षाला शोषला जाणारा कार्बन मानवी उत्सर्जनाच्या सुमारे एक टक्का भरतो. बेसाल्टची भुकटी शेतात पसरून ही झीज वेगवान करण्याचे प्रयोग अलीकडे छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातील शेतीत सुरू झाले आहेत. त्यांचा आवाका अद्याप लहान आहे.

धुराची सावली

मानवनिर्मित थंडाव्याचा सर्वांत मोठा वाटा सूक्ष्म कणांचा, म्हणजे एरोसोलचा आहे. दगडी कोळसा आणि खनिज तेल जळताना सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यापासून सल्फेटचे कण बनतात. ते दोन प्रकारे काम करतात. एक तर ते ऊन थेट परतवतात. दुसरे म्हणजे ढगांत कणांची संख्या वाढल्याने तेवढ्याच पाण्याचे अधिक, पण बारीक थेंब बनतात. असे ढग जास्त पांढरे होऊन प्रकाश अधिक परावर्तित करतात. सारेच कण थंडावा देतात असे मात्र नाही. डिझेल, लाकूड आणि शेणाच्या गोवऱ्या यांच्या ज्वलनातून निघणारी काजळी ऊन शोषून हवा तापवते.

या विषयातील महत्त्वाचे संशोधन पुण्यात झाले आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या (आयआयटीएम) शास्त्रज्ञांनी देशातील १२ केंद्रांवरच्या १९८१ ते २००४ या काळातील नोंदी तपासून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जमिनीवर पोहोचणारे सौर प्रारण दरवर्षी प्रति चौरस मीटर सरासरी ०.८६ वॅटने घटत असल्याचे त्यांना आढळले. तत्पूर्वी १९९९ मध्ये ‘इंडोएक्स’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेत उत्तर हिंदी महासागरावर पसरलेल्या तपकिरी धुरक्याचा अभ्यास झाला होता. आयआयटीएमच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हरितगृह वायूंमुळे होणारी वाढ एरोसोलने काही अंशी रोखून धरली, असेही या अहवालात नमूद आहे.

पावसाच्या रूपाने मोजलेली किंमत

हा थंडावा फुकटचा नाही. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून मोसमी वारे भूमीकडे ओढले जातात. धुरक्यामुळे जमिनीवरचे ऊन कमी झाले, की हा तापमानातील फरक घटतो, समुद्रावरील बाष्पीभवनही मंदावते आणि मान्सूनचा जोर ओसरतो. १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटल्याचे याच राष्ट्रीय अहवालात म्हटले आहे. गंगेचे खोरे आणि पश्चिम घाट येथे ही घट विशेष जाणवते. एरोसोलचा परिणाम हे तिचे एक प्रमुख कारण मानले जाते. इंद्रायणी, भामा आणि भीमा या नद्या पश्चिम घाटातच उगम पावतात आणि चाकण पट्ट्यातील शेती व कारखाने या दोहोंची तहान त्यांच्यावरच अवलंबून आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

आरोग्याची किंमत तर याहून थेट आहे. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकातील अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात भारतातील सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यूंना वायुप्रदूषण कारणीभूत होते.

ओली शेते, तापलेले पत्रे

जमिनीच्या वापराचाही तापमानावर परिणाम होतो. गडद जंगलाच्या जागी फिकट शेते आली, की अधिक प्रकाश परावर्तित होतो. जागतिक पातळीवर याचा परिणाम अल्पसा थंडाव्याचा आहे. मात्र तोडलेल्या झाडांतील कार्बन हवेत गेल्याने हा लाभ पुरता पुसला जातो. सिंचनाचा परिणाम अधिक स्थानिक असतो. ओलित शेतातील पाणी बाष्प होताना उष्णता शोषते, त्यामुळे दिवसाचे कमाल तापमान खाली राहते. उत्तर भारतातील तापमानवाढ काहीशी मंद असण्यामागे सिंचन हेही एक कारण सांगितले जाते. बाष्पामुळे दमटपणा वाढून उकाडा असह्य होतो, ही त्याची दुसरी बाजू.

औद्योगिक पट्ट्यात नेमका उलटा प्रवास होतो. शेताच्या जागी डांबर, काँक्रीट आणि पत्र्याच्या शेड येतात. बाष्पीभवनाचा थंडावा संपतो आणि रात्रीही उष्णता टिकून राहते. छतांना पांढरा परावर्तक रंग देणे, झाडे राखणे, ओढे-नाले मोकळे ठेवणे हे उपाय पृथ्वीचे तापमान उतरवणार नाहीत; पण छताखाली काम करणाऱ्या कामगाराचा ताप ते निश्चित कमी करू शकतात.

सावली विरते तेव्हा

सल्फेटचे कण खालच्या वातावरणात साधारण आठवडाभर टिकतात; पावसाने ते धुऊन निघतात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतके हवेत राहतो. या विषयाचे मर्म या दोन कालावधींतील तफावतीत आहे. धूर थांबला की सावली काही दिवसांत विरते; पण तोवर साचलेला कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो आणि दडलेली उष्णता समोर येते.

ही सावली विरण्यास सुरुवातही झाली आहे. चीनने २००७ नंतरच्या दशकात सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे तीन चतुर्थांशाने कमी केले. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतिपूर्व काळापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी उष्ण ठरले, तर भारतातही ते १९०१ पासूनचे सर्वाधिक उष्ण वर्ष म्हणून नोंदले गेले. त्यामागे हरितगृह वायू आणि ‘एल निनो’ होतेच. एरोसोलमधील घटीनेही त्यात भर घातली, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे.

चाकणचा पट्टा या बदलात थेट सहभागी आहे. पुणे शहरात २०१० मध्ये ‘भारत स्टेज-४’ निकष लागू झाले आणि डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ३५० वरून ५० वर आले. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज-६’ आल्यावर ते १० भागांपर्यंत खाली आले. या निकषांची वाहने चाकण परिसरातील कारखान्यांतूनच मोठ्या संख्येने बाहेर पडतात. कोळशावरील वीजप्रकल्पांची गती मात्र वेगळी आहे. त्यांच्यासाठी डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडचे निकष ठरले, मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश प्रकल्पांना त्या निकषांतून सूट देण्यात आली.

धुरके थंडावा देते म्हणून ते राहू द्यावे, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. स्थितांबरात मुद्दाम गंधक सोडून कृत्रिम सावली धरण्याची कल्पना नोबेल विजेते पॉल क्रुत्झेन यांनी २००६ मध्ये चर्चेत आणली. तिच्यावरील मुख्य आक्षेपही असेच आहेत. मान्सूनवर विपरीत परिणाम होण्याची भीती आहे आणि एकदा सुरू केलेला हा उपाय थांबवता येत नाही, कारण थांबवताच साचलेली उष्णता एकदम उसळते.

हवा स्वच्छ करणे अटळ आहे, कारण माणसे आज श्वास घेत आहेत. म्हणूनच गंधक घटवताना कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि काजळी यांच्यावरही त्याच वेळी नियंत्रण हवे. मिथेन सुमारे दशकभरच टिकतो आणि काजळी काही दिवसांतच खाली बसते. त्यांच्यातील घटीचा लाभ लवकर हाती लागतो आणि विरत्या सावलीची काहीशी भरपाई होऊ शकते. ज्वालामुखी, सूर्य आणि समुद्र यांच्याकडून मिळणारा थंडावा अनियमित व अल्पजीवी आहे, तर काळ्या पाषाणाचा थंडावा मनुष्याच्या काळाच्या मानाने फार संथ आहे. राहिली ती धुराची सावली. तिच्याखाली मिळणारा दिलासा पुढच्या पिढीच्या खात्यावर मांडलेली उसनवारी आहे.