वऱ्हाडातील नटाची तालीम

'तालीम' या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ चिकटले आहेत. पैलवान ज्या तांबड्या मातीत जोर काढतो आणि कुस्ती खेळतो, ती तालीम. आणि नट ज्या खोलीत हातात नक्कल घेऊन भाषणे घोकतो, तीही तालीमच. मूळच्या अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण एवढाच आहे. अलीकडे अभिनयाच्या शिक्षणास 'कार्यशाळा' हा नवा शब्द रूढ झाला असून, अमरावती आणि अकोला या आपल्या दोन शहरांतील तरुण मंडळी रंगभूमीवर व कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची विद्या अशा तीन दिवसांच्या, आठ दिवसांच्या वर्गांत शिकू पाहतात. या नव्या शब्दामागे जुन्या तालमीचा केवढा इतिहास उभा आहे आणि त्या इतिहासात वऱ्हाडचा वाटा कोणता, याचा थोडा विचार आज आपण करू.

वऱ्हाडात नाटक आले ते आगगाडीने आणि कापसाच्या पैशाने. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा हा प्रांत निजामाच्या अमलाखाली होता. 1853 साली तो इंग्रजांच्या कारभारात गेला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, 1861 ते 1865 या काळात, विलायतेतील गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस सोन्याचे मोल आले. 1867 पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा या मार्गाने नागपुरास पोहोचला. नाटक मंडळी म्हणजे चालते-बोलते गाव. पडदे, पेट्या, पोशाख, आचारी, पेटीवाले आणि तीस-चाळीस माणसे घेऊन मुक्काम हलवावयाचा, तर रस्ता सोयीचा हवा आणि मुक्कामी तिकीट काढणारा प्रेक्षक हवा. वऱ्हाडात या दोन्ही गोष्टी मिळाल्या. त्यामुळे कापसाच्या हंगामानंतर वऱ्हाडचा दौरा ही नाटक मंडळ्यांच्या जमाखर्चातील एक भरवशाची बाब होऊन बसली.

पैशाइतकेच रसिकतेचेही पाठबळ येथे होते. अमरावतीचे सुप्रसिद्ध वकील व लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे हे नाटकाचे मोठे षोकी. 1897 साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्षपद भूषविणारे हेच गृहस्थ 1905 साली मुंबईस भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. नाटकवाल्यांकडे भला माणूस तुच्छतेने पाहत असे, त्या काळात एका प्रतिष्ठित पुढाऱ्याने ते आसन स्वीकारले, ही गोष्ट नटवर्गास केवढी धीर देणारी वाटली असेल, याची कल्पना करता येईल. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी अकोल्यास व पुढे जळगाव-जामोद येथे वकिली केली. त्यांचे 'वीरतनय' हे नाटक 1896 साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाच्या चालींत व विनोदात एक नवे वळण सुरू झाले. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांची 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने गाजविली, तर 1927 सालचे त्यांचे 'रणदुंदुभि' मास्टर दीनानाथांच्या बलवंत मंडळीने. म्हणजे आश्रयदाता वऱ्हाडचा, प्रेक्षक वऱ्हाडचा आणि नाटककारही वऱ्हाडचा. परंतु नटाचे शिक्षण मात्र वऱ्हाडात होत नसे. ज्या मुलाला नट व्हावयाचे, त्याने येथे मुक्कामास आलेल्या मंडळीबरोबर घर सोडून निघून जावे, हाच एक मार्ग होता.

त्या मंडळीतील शिक्षण कसे असे? दहा-बारा वर्षांचा, गोड गळ्याचा मुलगा मंडळीच्या बिऱ्हाडी राही. सकाळी गाण्याची मेहनत, दुपारी नकलांचे पाठांतर, सायंकाळी तालीम आणि नाटकाच्या रात्री विंगेत उभे राहून मोठ्या नटांचे काम पाहणे, असा त्याचा दिनक्रम. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखे तालीम मास्तर भाग्याने लाभले, तर एका वाक्यातील कोणत्या शब्दावर भार द्यावयाचा, यासाठी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेत. बालगंधर्व आणि गणपतराव बोडस हे देवलांच्याच हाताखाली तयार झालेले नट. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलास लुगडे नेसून चालणे, पदर सावरणे, मान वळविणे हे सारे अंगवळणी पडेपर्यंत करावे लागे. त्या वेळी ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या बाकावरील श्रोत्यास प्रत्येक अक्षर ऐकू गेलेच पाहिजे, हा पहिला नियम. म्हणून छातीतून आवाज लावणे, श्वास कोठे घ्यावा व कोठे राखावा हे जाणणे, ही नटाची वर्णमाला होती. हे शिक्षण वर्षानुवर्षे चाले.

या शिक्षणाचे दोषही मोठे होते. मुलाचे लिहिणे-वाचणे बहुधा तेथेच थांबे. मास्तरांची नक्कल हीच विद्या समजली गेल्यामुळे अनेकांचा अभिनय हा दुसऱ्याच्या अभिनयाची छाया होऊन राही. आवाज फुटला की स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचे भवितव्य अधांतरी लोंबकळे. आणि आपल्या प्रांतापुरता आणखी एक दोष असा, की वऱ्हाडी मुलाला प्रथम शिकावे लागे ते आपली बोली विसरण्यास. 'डोळा' याचा 'डोया' करणारी, 'येऊन राहिलो' म्हणणारी, 'येजो', 'सांगजो' अशी आर्जवाने आज्ञा करणारी जीभ पुण्या-मुंबईच्या वळणावर आणल्याखेरीज त्याला राजाचे काम मिळणे शक्य नव्हते. वऱ्हाडी बोली रंगभूमीवर आलीच, तर ती गड्याच्या किंवा गावंढळ पाहुण्याच्या तोंडी, लोकांना हसविण्यापुरती.

या तालमीला पहिला धक्का बसला तो पडद्यावरील चित्राचा. 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, त्यात हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केले आणि तारामतीचे अण्णा साळुंके या पुरुषाने. मूकपटात आवाजाला कामच नव्हते. नटाने इतकी वर्षे कमावलेली मुख्य मिळकत तेथे निरुपयोगी ठरली. पुढे 1932 साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि आवाज परत मिळाला. परंतु तो निराळा आवाज होता. रंगभूमीवर शेवटच्या बाकाकडे फेकावयाचा शब्द येथे हातभर अंतरावरील यंत्राच्या कानात सांगावयाचा होता. रंगभूमीवर हात उंचावून दाखविलेला शोक येथे पापणीच्या एका हालचालीत मावत होता. शिवाय नाटकात भावनेची शिडी पहिल्या अंकापासून पाचव्यापर्यंत पायरीपायरीने चढता येते. चित्रीकरणात शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी आणि पहिला प्रसंग महिन्याभराने, असे उलटसुलट काम करावे लागते. जमिनीवर केलेल्या खुणेवरच पाऊल पडले पाहिजे, आणि मघाच्या चित्रणात पेला उजव्या हातात असेल तर आताही तो उजव्याच हातात हवा, हे अवधान निराळेच.

या नव्या परीक्षेत जुन्या तालमीतील नटांचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. 1935 साली 'धर्मात्मा' या बोलपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांचे काम केले. महाराष्ट्राने ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकला, त्या या नटाचे मन तेथे रमले नाही आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. उलट, रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले विष्णुपंत पागनीस 1936 सालच्या 'संत तुकाराम'मध्ये असे काही तन्मय झाले, की लोक त्यांनाच तुकाराम मानू लागले. महाराष्ट्र नाटक मंडळीत तयार झालेले केशवराव दाते यांनी 1937 सालच्या 'कुंकू'मधील वृद्ध काकासाहेबांची घालमेल अत्यंत थोड्या हालचालींत दाखविली. यावरून तालीम टाकाऊ होती असे अनुमान निघत नाही. ज्याने तालमीतून केवळ ढब उचलली तो अडला, आणि ज्याने श्वास, शब्द व एकाग्रता उचलली त्याला कॅमेराही वश झाला, असेच म्हणावे लागते.

रंगभूमीवरही याच सुमारास शिक्षणाची दृष्टी पालटत होती. 1 जुलै 1933 रोजी मुंबईस नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली, पदांची गर्दी हटली आणि बोलणे घरातल्यासारखे झाले. त्याचे दिग्दर्शक पार्श्वनाथ आळतेकर यांनी पुढे 1941च्या सुमारास 'लिटल थिएटर' काढून तरुणांस पद्धतशीर नाट्यशिक्षण देण्यास आरंभ केला, आणि त्याच संस्थेतील के. नारायण काळे यांनी रशियातील स्तानिस्लाव्हस्की यांचा अभिनयावरील प्रसिद्ध ग्रंथ 'अभिनयसाधना' या नावाने मराठीत आणला. मास्तरांची नक्कल करू नये, पात्राच्या मनाचा शोध घ्यावा, हे सूत्र असे आपल्या भाषेत आले. पुढे 1959 साली दिल्लीस राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि 1960 साली पुण्यास प्रभातच्याच जागेत चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली. हे सारे झाले ते वऱ्हाडापासून दूरच. आपल्या वाट्यास प्रथम आली ती तिसरीच शाळा, नभोवाणीची. 1948 साली नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भातील नटाला घर न सोडताही ध्वनिक्षेपकासमोर हळू, खरे व स्पष्ट बोलण्याचा सराव मिळू लागला. 1954 साली मुंबई राज्याने नाट्यस्पर्धा सुरू केली. 1956 साली वऱ्हाड त्या राज्यात आला आणि आपल्याकडील हौशी संस्थांना दरवर्षी नवे नाटक बसविण्याचे निमित्त लाभले. कचेरी सुटल्यावर एखाद्या शाळेच्या वर्गात चालणाऱ्या त्या तालमींनी दोन पिढ्या घडविल्या. शासनाची नाट्यप्रशिक्षण शिबिरे आणि आजच्या कार्यशाळा ही त्याच वृक्षाची पुढची डहाळी होय.

आता प्रश्न असा, की वर्षानुवर्षांची तालीम आठ दिवसांत कशी मावणार? उत्तर सरळ आहे: मावणार नाही. कार्यशाळेत दिशा मिळते, चाल आपली आपणच चालावयाची असते. शिकविणारे पाहुणे परगावाहून येतात, खेळ व प्रयोग करवून घेतात, चित्रणाच्या चार युक्त्या सांगतात आणि परत जातात. त्यानंतर रोज पहाटे आवाज लावावयाचा, रोज एक पान मोठ्याने वाचावयाचे, हे काम गावातील मंडळींनी स्वतः चालविले नाही, तर प्रमाणपत्र तेवढे भिंतीवर राहते.

आणि या रोजच्या मेहनतीसाठी लागणारी सामग्री आपल्या दाराशी आहे. शरीर कमावण्यास अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्याच्या पथकाने देशी व्यायामप्रकार जगाला दाखविले, त्या संस्थेच्या गावातील नटाला पाठीचा कणा ताठ कसा ठेवावा, हे शिकण्यास मुंबईस जाण्याचे कारण नाही. संवाद शिकण्यास 'लीळाचरित्र' आहे. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथातील लहान लहान, बोलती वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत. विराम कोठे घ्यावा हे ती स्वतःच सांगतात. आणि श्रोत्यांशी कसे बोलावे हे शिकावयाचे, तर शेणगावच्या गाडगेबाबांचे कीर्तन आठवावे. त्या पुरुषाने कधी प्रमाण भाषेचा सोस केला नाही. वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारावा, त्यांच्याकडून उत्तर घ्यावे आणि त्या उत्तरालाच पुढचा प्रश्न जोडावा, ही त्यांची रीत. समोरच्याचे ऐकून मग बोलणे, हाच धडा कॅमेऱ्यासमोरील अभिनयाच्या आरंभी शिकविला जातो.

बोलीच्या बाबतीत काळाने एक मोठा न्याय केला आहे. 2009 साली आलेल्या सतीश मन्वर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' या चित्रपटात विदर्भातील शेतकऱ्याचे दुःख मांडले गेले, तेव्हा पुण्याच्या गिरीश कुलकर्णी यांच्यासारख्या नटास वऱ्हाडी वळण आत्मसात करावे लागले. आणि ती बोली तेथे हसण्यासाठी नव्हती. अमरावतीचे भारत गणेशपुरे यांनी तर आपली बोली जशीच्या तशी दूरचित्रवाणीवर नेली आणि महाराष्ट्राने ती घराघरांत ऐकली. ज्या जिभेला मंडळीच्या बिऱ्हाडी वळण लावण्यात येत असे, तीच आज नटाचे भांडवल झाली आहे. तरीही एक सावधगिरी हवी. वऱ्हाडी माणूस म्हणजे विनोदी माणूस, हा नवा साचा जुन्या साच्याइतकाच अपुरा आहे. आपल्या बोलीत राजाही बोलू शकतो, आईही रडू शकते आणि न्यायाधीशही निर्णय देऊ शकतो, हे दाखविण्याचे काम अद्याप पुष्कळसे उरले आहे.

म्हणून अमरावती-अकोल्यात यापुढे जेथे जेथे अभिनयाचा वर्ग भरेल, तेथे तरुणांना प्रमाण भाषाही स्वच्छ बोलता यावी आणि आपली बोलीही पूर्ण गांभीर्याने बोलता यावी, असे दुहेरी शिक्षण मिळाले पाहिजे. एका भाषेसाठी दुसरी टाकावी लागणे, ही जुन्या काळची अडचण होती. आज तिचे कारण उरलेले नाही. दादासाहेब खापर्ड्यांच्या पिढीने नटाला प्रतिष्ठा दिली. त्याला घरच्या घरी तालीम देणे, हे आपल्या पिढीचे देणे आहे. त्यासाठी एखादी रिकामी खोली, एक जाणता माणूस आणि रोज ठरल्या वेळी येणारी दहा मुले एवढे जमले, तरी आरंभास ते पुरेसे आहे.