रुक्मिणीचें दुसरें प्रयाण

कौंडण्यपुराहून समुद्र कोणत्याहि दिशेस शेंकडों मैल दूर आहे. अमरावती जिल्ह्यांतील, वर्धेच्या कांठच्या या गांवीं कोणी वादळाची गोष्ट काढली, तर ऐकणारास आठवतो तो वळवाचा पाऊस, किंवा फार तर नदीचा पूर. असें असूनहि, येऊं घातलेल्या सागरसंकटापुढें समुद्रकांठच्या लोकांनीं नगर सोडल्याची जी फार जुनी कथा आपल्या वाङ्मयांत आहे, तिच्यांत या गांवची एक लेक आहे. ती रुक्मिणी.

तिचें पहिलें प्रयाण सर्वांस ठाऊक आहे. अंबिकेच्या देवळापाशीं श्रीकृष्णानें तिला रथांत घेतलें, आणि त्या एका प्रसंगावर नरेंद्रापासून एकनाथांपर्यंत मराठी कवींनीं आपली वाणी मोकळी सोडली. आषाढींत तिची पालखी अजूनहि कौंडण्यपुराहून पंढरीस जाते. १९६० नंतरच्या वर्षांत डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं येथील टेकाडांचें उत्खनन केलें, तेव्हां इसवी सनापूर्वींच्या वस्तीचे अवशेष उजेडांत आले. रुक्मिणीचा पुरावा अर्थातच निघाला नाहीं, व तो निघावा अशी अपेक्षा शहाण्यानें करूंहि नये. परंतु माहेर सोडून द्वारकेस गेलेल्या या राजकन्येचें पुढें काय झालें, हें विचारण्याची आमच्या कीर्तनकारांस सहसा इच्छा होत नाहीं. लग्न लागलें कीं कथा संपली!

तें पुढचें वृत्त महाभारताच्या मौसलपर्वांत आहे. यादव आपसांत लढून मेले, श्रीकृष्ण निजधामास गेला, आणि अर्जुन द्वारकेंत आला तेव्हां मागें उरल्या होत्या त्या बहुतेक स्त्रिया, मुलें आणि वृद्ध. अर्जुन निघून जातांच समुद्र हें नगर गिळील, हा कृष्णाचा निरोप वृद्ध वसुदेवानें त्यास सांगितला. अर्जुनानें सभेंत अमात्यांस बोलावून सांगितलें कीं, गाड्या जुंपण्याची तयारी करा, नेण्याजोगें द्रव्य बरोबर घ्या. आजपासून सातव्या दिवशीं सूर्योदयास आपण सर्वांनीं नगराबाहेर पडावयाचें. त्याप्रमाणें बैल, खेंचरें, उंट जोडलेलीं वाहनें निघालीं; आणि जो जो भाग रिकामा झाला, तो तो पाण्याखालीं गेला.

एवढ्यावरून द्वारका अमुक शतकांत बुडाली असें सिद्ध करावयास आम्ही बसलों नाहीं. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत डॉ. शि. र. राव यांनीं तेथील समुद्रतळ धुंडाळला; दगडी बांधकामें व नांगर मिळाले, आणि त्यांच्या काळाविषयींचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. काव्य हें घटनेचें प्रमाणपत्र नव्हे. पण काव्य रचणारा समाज संकटाविषयीं कसा विचार करीत होता, याचें तें उत्तम साधन असतें. या कवीला नगर सोडण्यास काय काय लागतें हें नेमकें माहीत होतें: ज्याच्यावर विश्वास बसावा अशाचा शब्द, निघण्याचा ठरलेला दिवस, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठीं गाड्या.

आतां आपल्या कोंकणपट्टीकडे पाहूं. तेथील माणूस वाऱ्यापावसाला नवखा नाहीं. परंतु त्याची सारी विद्या राहण्याची आहे, निघण्याची नव्हे. वैशाख सरत आला कीं आगोटीची बेगमी सुरू होते. मीठ, मिरची, सुकी मासळी, लांकूडफांटा आंत येतो. कौलें परतलीं जातात. पडवीपुढें झांपांचा आडोसा उभा राहतो. होड्या वाळूवर ओढून शाकारल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला पाठ करून माणूस घरांत बसतो. नैर्ऋत्येचा पाऊस महिनोन् महिने दाराशीं उभा असतो, त्याच्याशीं घरांत बसूनच झुंजावें लागतें. चक्रीवादळाची रीत उलटी. तें घटकाभराचा पाहुणा, पण त्याच्यापुढें घर हाच धोका. शिवाय अरबी समुद्रांतलीं वादळें बंगालच्या उपसागराच्या मानानें थोडीं, आणि त्यांतलींहि पुष्कळशीं ओमानाकडे किंवा गुजराथेकडे वळतात. त्यामुळें एखादी पिढी तें न पाहतांच सरते, व अनुभव नातवापर्यंत पोंचत नाहीं.

पूर्वसूचनेचें शास्त्र आपल्याकडे जन्मलें तेंहि पूर्वकिनाऱ्यावर. भोंवऱ्याप्रमाणें फिरणाऱ्या या वादळांस ‘सायक्लोन’ हें नांव कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यानें दिलें. १८६४ च्या ऑक्टोबरांत त्याच शहरावर वादळ कोसळलें, समुद्र हुगळींतून वर चढला आणि हजारों माणसें बुडालीं. दुसऱ्या वर्षीं त्या बंदरापुरती इशाऱ्याची व्यवस्था झाली, व १८७५ त हवामानखातें निघालें. पुढें बंदरोबंदरीं खांबावर दिवसा बावटे व रात्रीं दिवे चढूं लागले. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हें वाक्य कोंकणांतल्या निरक्षर म्हातारीलाहि कळूं लागलें.

जातां जातां एका भाकडकथेचा समाचार घेणें जरूर आहे. ६ जून १८८२ रोजीं मुंबईस वादळ होऊन एक लाख माणसें मेलीं, असें अनेक याद्यांत आढळतें. १८८१ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठांतील एक माणूस मेला, आणि शहरांतल्या वर्तमानपत्रांस त्याची वार्ताहि नाहीं! एकानें लिहिलें तें दुसऱ्यानें उतरून घेतलें, एवढाच या वादळाचा इतिहास. खरें वादळ मुंबईनें १९४८ च्या नोव्हेंबरांत पाहिलें. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाहीं.

इशारा आहे, पण तो माणसापर्यंत पोंचला नाहीं तर काय होतें, हें ११ नोव्हेंबर २००९ च्या ‘फयान’नें दाखविलें. पावसाळा संपून नौका खोल समुद्रांत गेल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येक परतल्या नाहींत. उलट ३ जून २०२० चें ‘निसर्ग’. आदल्या दिवशीं त्याला चक्रीवादळाचें स्वरूप आलें, व दुपारीं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान तें अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर. द्वारकेला सात दिवस मिळाले होते, येथें एकदोन दिवसच. त्यांत करोनाच्या साथीनें माणसानें माणसापासून दूर राहावें असा हुकूम, आणि वादळ म्हणे सर्वांनीं एका छपराखालीं या. तरीहि महाराष्ट्र व गुजराथ मिळून सुमारें एक लाख लोक हलविले गेले, आणि प्राणहानि फार थोडी झाली. हें यश लहान नव्हे. ज्यांनीं वाडीवाडींत फिरून म्हाताऱ्यांस उठविलें, त्या तलाठ्यांचें, पोलिसांचें व गांवच्या पोरांचें तें आहे.

मौसलपर्वाचा कवि मात्र वेशीपाशीं थांबला नाहीं. पंचनदांत आभीरांनीं तो तांडा लुटला, अर्जुनाला गांडीव पेलेना, हें त्यानें न लपवितां सांगितलें. उरलेल्यांची व्यवस्था कोठें लागली, तेंहि लिहिलें. वज्राला इंद्रप्रस्थ मिळालें, सात्यकीचा पुत्र सरस्वतीच्या तीरीं वसला. रुक्मिणीनें इंद्रप्रस्थीं अग्निप्रवेश केला. कौंडण्यपुराची लेक समुद्रापासून वांचली. पुढें काय, याचें उत्तर तिच्यापाशीं नव्हतें.

‘निसर्गा’नंतरहि हाच प्रश्न उभा राहिला. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोलीकडील वाड्यांतून माणूस शाबूत होता, पण नारळीपोफळी आडव्या पडल्या होत्या. कित्येक आठवडे गांवें अंधारांत होतीं. नुकसानभरपाई आधीं हेक्टरावर मोजली गेली. ज्याची सारी इस्टेट पांचदहा गुंठ्यांची वाडी, ज्याच्या पोफळीच्या सांवलींत मिरी आणि जायफळ, त्याच्या पदरांत त्या हिशेबानें काय पडणार? ओरड झाली, तेव्हां झाडागणिक रक्कम ठरली. पोफळीचें रोप लावल्यापासून सुपारी हातीं यावयास सहासात वर्षें जातात, नारळाला बहुधा तितकींच. त्या पावसाळ्यांत लागलेलीं रोपें आतां कोठें मोहरण्याच्या वयांत येत आहेत.