पाठीशी उभं राहणं म्हणजे काय? : लक्ष्मीबाई टिळक आणि नगरची पोरकी मुलं



नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. १८३९ मध्ये सिंथिया फॅरार मुंबईहून नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्या अविवाहित होत्या, त्यामुळे त्यांचं काम त्यांच्याच नावावर राहिलं. नवऱ्याबरोबर सात समुद्र ओलांडून आलेल्या बायकांचं तसं झालं नाही. पोरक्या मुलांचं जेवणखाण, आजारपण, शिवणटिपण त्यांनी केलं, पण कागदोपत्री त्या बहुधा 'अमक्या साहेबांच्या मडमबाई' एवढ्याच उरल्या.

आज आम्ही ज्या बाईंबद्दल बोलणार आहोत, त्या अमेरिकेच्या नाहीत. नाशिकजवळच्या जलालपूरच्या आहेत. लक्ष्मीबाई टिळक, जन्म १८६८. पण सोवळ्यात वाढलेल्या ब्राह्मण बाईला ख्रिस्ती नगर हा परदेशच होता, असं आम्हांला वाटतं. बोट न लागणारा परदेश.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवरा गेला, आणि तो जिवंत असताना गेला. चार-पाच वर्षं ताटातुटीत काढून लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या आल्या त्या ख्रिस्ती होऊन नाही. आपलं सोवळं, आपली चूल वेगळी ठेवून त्या राहिल्या. जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवानं नाही, हे राहुरीच्या दिवसांत त्यांचं त्यांना पटलं, आणि बाप्तिस्मा त्यानंतरचा. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. 'साथ देणं' आणि 'सहमत असणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावायला याहून चांगलं उदाहरण आम्हांला मिळालं नाही.

याच सुमारास १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. गावंच्या गावं बाहेर पडली. १९०० साली न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचं जहाज मका घेऊन मुंबईला आलं. नगरच्या रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातल्या मदतकार्याबद्दल सरकारनं कैसर-इ-हिंद पदक दिलं. आईबाप गेलेली मुलं मिशनच्या आश्रयाला आली. धान्याचा आणि पदकाचा हिशेब राहतो. पण त्या मुलांच्या डोक्यातल्या उवा कुणी काढल्या, रात्री दचकून उठलेल्याला कुणी थोपटलं, याची नोंद कोण ठेवणार?

टिळकांचा हात उदार होता. मागेल त्याला देणार, वाटेत भेटेल त्याला घरी आणणार. कवी आणि भक्त माणूस! पण घरी आणलेल्या माणसाला ताट लागतं, आणि ते ताट वाढायचं लक्ष्मीबाईंनी. म्हणून हे काम नेमकं कुणाचं, हा प्रश्न आम्ही विचारतो. आणणाऱ्याचं, की सांभाळणारीचं?

आता एक आक्षेप. पोरक्या मुलाला भाकरीबरोबर धर्मही दिला, तर त्या मुलाची संमती कुठे राहिली? हा आक्षेप त्या काळीही होता आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. भुकेल्याचा होकार हा पूर्ण होकार नसतो. पण टिळकांच्याच घरातलं एक उदाहरण त्याच्या शेजारी ठेवू या. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा पोरगा, म्हणजे आपले बालकवी, पुढे नगरला टिळकांकडे राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला आईसारखं सांभाळलं. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्यावाचून माया आटलीही नाही. एका उदाहरणानं आक्षेप संपत नाही. पण अट न घालता सांभाळता येतं, एवढं त्यातून दिसतं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्याग त्यांचा, पण पगार थांबल्यावर चूल कशी पेटवायची ही काळजी घरातल्या बाईची. ९ मे १९१९ ला टिळक गेले. त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, आणि त्याचा मोठा भाग त्यांच्याच हातचा आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. ती १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्या लिहित्या झाल्या नसत्या, तर त्याही 'टिळकांच्या कुटुंब' एवढ्याच उरल्या असत्या.

जाता जाता एक कबुली देतो. आमच्या पीएचडीच्या प्रबंधात पत्नीचे आभार शेवटच्या ओळीत आहेत. टंकलेखकाच्याही खाली! तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना ती ओळ आठवली. तुमच्याही घरात अशी एखादी शेवटची ओळ असेल. असेल तर ते माणूस आहे तोवर ती वर घ्या.