तहाची फेरबांधणी : सुरतेपासून सालबाईपर्यंत



एकदा केलेला करार पुन्हा मांडावयास घेणे म्हणजे दिलेला शब्द फिरवणे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु करार मोडणे निराळे आणि तो फिरून बांधणे निराळे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातील चार तहांवरून हा भेद नीट ध्यानात येतो.

मार्च १७७५ मध्ये पेशवेपदासाठी धडपडणाऱ्या रघुनाथरावाने मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. लष्करी मदतीच्या मोबदल्यात साष्टी व वसई देण्याचे त्याने कबूल केले. साष्टी इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच बळकावली होती. पण १७७३ च्या कायद्यान्वये असा तह करण्यास कलकत्त्याची संमती हवी होती. कलकत्तेकरांनी तो नामंजूर करून कर्नल अप्टनला पुण्याकडे धाडले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. सुरतेचा कागद रद्द झाला. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली! पुढे मुंबईकरांनी रघुनाथरावाची पाठराखण चालूच ठेवली व पुरंदरचा तहही निकामी झाला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास कोंडीत सापडताच त्यांनी १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करण्याचे लिहून दिले. फौज सुखरूप सुटली, आणि मग सह्या करणारांस तसा अधिकारच नव्हता, ही सबब पुढे आली.

तीन कागद झाले, पण बांधला गेला कोणीच नाही. प्रत्येक वेळी गरज सरली की शब्द सरला. याला फेरबांधणी म्हणता येत नाही.

१७ मे १७८२ चा सालबाईचा तह निराळ्या जातीचा होता. युद्धाने दोन्ही पक्ष थकले होते. इंग्रजांनी वसई परत केली, रघुनाथरावाचा पक्ष सोडला. मराठ्यांनी साष्टीवरील हक्क सोडला. दोघांनीही काही गमावले. महादजी शिंदे मध्यस्थ झाले आणि तह पाळला जाण्याची हमीही त्यांनीच घेतली. सुमारे वीस वर्षे तो टिकला.

तथापि या तहालाही एक डाग आहे. १७८० मध्ये हैदरअली इंग्रजांविरुद्ध मराठ्यांचा मित्र झाला होता. त्याने इंग्रजांचा जिंकलेला मुलूख सोडावा, असे कलम सालबाईस घातले गेले. हैदर मात्र त्या बोलणीत नव्हता. डिसेंबर १७८२ मध्ये तो वारला, आणि नाना फडणिसांची मान्यता त्यानंतर, फेब्रुवारी १७८३ मध्ये मिळाली.

परिस्थिती पालटली की करार पालटावा लागतो. त्यात कमीपणा नाही. मात्र पालटणाराने आपल्याही पदरचे काही सोडले पाहिजे, सही करणारास अधिकार असला पाहिजे, आणि ज्याच्या वाट्याला त्याचे ओझे येणार तो बैठकीत असला पाहिजे. राज्यांच्या तहास लागू पडणारा हा न्याय मालक-कामगारांच्या करारास आणि भावाभावांच्या वाटणीपत्रासही तितकाच लागू पडतो.