धाराशिवातला शंभर लिटर समुद्र

आजचा विषय जरा तिरका आहे. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकचा, म्हणजे त्या टाकीसाठी लोकांनी केलेल्या घरगुती जुगाडांचा इतिहास. आणि हे मी धाराशिवात बसून सांगतोय. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे.

पण समुद्राशी आपला संबंध आजचा नाही. आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. हे १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकानं दाखवून दिलं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये तगरहून भडोचला गाड्या भरून जाणाऱ्या कापडाची नोंद आहे. त्याच ठिकाणी, समुद्रकाठच्या मुलखातून तगरला आलेला मालही पुढे जायचा, असंही म्हटलंय. म्हणजे किनाऱ्याचा माल बैलगाडीनं इथवर यायचाच. जिवंत समुद्र मात्र गाडीत घालून आणता येत नाही. तो घरीच तयार करावा लागतो.

हे पहिल्यांदा नेटानं करणाऱ्यांमध्ये एक बाई होत्या, अ‍ॅना थिन. १८४६ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावाहून काही जिवंत पोवळी लंडनला नेली. वाटेत हिंदकळू नयेत म्हणून ती सुईदोऱ्यानं स्पंजाला शिवली! लंडनला पोचल्यावर अडचण आली पाण्याची. समुद्राचं पाणी संपत आलं, आणि आहे ते शिळं व्हायला लागलं. मग उपाय काय? उघड्या खिडकीपाशी उभं राहायचं आणि ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं, अर्धा-पाऊण तास. आपण गरम चहा थंड करतो ना, तसं. त्यानं पाण्यात हवा मिसळते. आजचा एअर पंप दुसरं काही करत नाही.

हे काम बाई स्वतः करत नव्हत्या. घरातली एक लहान मोलकरीण करायची. तिला त्यात गंमतच वाटायची, असं बाईंनी लिहून ठेवलंय. मोलकरणीला खरंच काय वाटायचं, ते कुणी लिहिलेलं नाही. तिचं नावही नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली. २०१५च्या उन्हाळ्यात माझ्याकडे साधारण शंभर लिटरची खारी टाकी होती, आणि लोडशेडिंग होतं. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू कमी मावतो. पाणी तापलं की अजून कमी. पंप बंद पडला की तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडायला लागायचे. मी कामावर असलो की आई स्टीलचा तांब्या घेऊन टाकीपाशी बसायची, भरायची आणि वरून ओतायची. एकदा फोनवर म्हणाली, “हे काय लावून दिलास रे माझ्यामागं? देवाला तरी एवढं पाणी घालंना गेले मी.” नंतर मी बॅटरीवर चालणारा पंप आणला. पण तो महिनाभर उशिरा.

आता मिठाकडे येऊ, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथंच झाली. मला वाटलं, समुद्र म्हणजे पाणी अधिक मीठ. किराणा दुकानातून खडे मीठ आणलं, लिटरला पस्तीस ग्रॅम या मापानं विरघळवलं आणि दोन डॅमसेल मासे सोडले. तिसऱ्या दिवशी दोन्ही गेले. टाकी नवी होती, माशांची घाण पचवणारे जिवाणू तिच्यात तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, हेही एक कारण. पण पाणीही समुद्राचं नव्हतंच. मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा आधी चुनखडी खाली बसते, मग जिप्सम, मग मीठ. उरलेलं कडू पाणी सोडून देतात. मॅग्नेशियम त्या कडू पाण्यात जातं. म्हणजे खडे मीठ हा समुद्राचा एक तुकडा झाला. बाकीचा समुद्र मिठागरातच राहिला.

फिलिप गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाला हे कळलं होतं. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रुळवला तो त्याच्याच १८५४च्या पुस्तकानं. त्यानं कृत्रिम समुद्राची कृती दिली. आपल्या मापात सांगायचं तर साडेचार लिटरहून थोड्या कमी पाण्याला शंभर ग्रॅम साधं मीठ, सात ग्रॅम एप्सम सॉल्ट, तेरा ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड, अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. बस, चार डबे. कृती साधी असूनही चालली, त्यामागचं कारण पुढे पक्कं झालं. ‘चॅलेंजर’ जहाजानं जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं होतं. त्यातले ७७ नमुने तपासून डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं १८८४ मध्ये दाखवलं, की खारटपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास सारखंच असतं. म्हणजे एक कृती सगळ्या समुद्रांना चालते.

गंमत बघा, गॉसची यादी घेऊन आपल्याकडे कुठं जायचं? कृषी सेवा केंद्रात! एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, द्राक्षबागवाले पोत्यानं नेतात. पोटॅशियम क्लोराइड म्हणजे आपलं पोटॅश. मी गेलोही होतो. पण ते लाल पोटॅश हातात घेतलं आणि हात आखडला. लाली लोखंडाची असते, आणि खतात अजून काय काय असेल ते दुकानदारालाही सांगता येईना. शेवटी पुण्याहून तयार समुद्री मिठाची पिशवी मागवली. शंभर लिटरला साडेतीन किलो.

एका बाबतीत मात्र आपण मुंबईकरांच्या पुढे आहोत. उन्हाळ्यात टाकी तापते, आणि चिलर परवडत नाही. जुगाड असा, की झाकण काढायचं आणि पाण्यावर कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावायचा. बाष्पीभवनानं पाणी गार होतं, माठासारखं. मुंबईच्या दमट हवेत याचा फारसा उपयोग होत नाही. आपल्या कोरड्या हवेत तीन-चार अंशांचा फरक मी स्वतः मोजलाय.

दुसरा जुगाड चुन्याच्या निवळीचा. पोवळ्यांना कॅल्शियम मिळावं म्हणून पीटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात ती युरोपात लोकप्रिय केली, आणि लोक अजून तिचं जर्मन नावच वापरतात. आपल्याकडे निवळी कुणाला माहीत नाही? ती रात्री थेंब-थेंब सोडायची असते, एकदम ओतली तर मासे मरतात. त्यासाठी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणायचा, त्याची चकती फिरवून थेंब मोजायचे. खरं सांगायचं तर माझ्या टाकीला त्याची गरज नव्हती. पोवळी नव्हतीच माझ्याकडे. पण सलाईन लावलेली टाकी बघायला गल्लीतली लेकरं यायची.

पोवळी नव्हती कारण २००१ पासून भारतात प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून ती काढायची नाहीत, विकायची नाहीत. हे योग्यच आहे. गॉसच्या पुस्तकानंतर हौशी लोकांनी इंग्लंडचे किनारे अक्षरशः ओरबाडले, आणि आपल्या वडिलांच्या पुस्तकाचा त्यात हात होता याची खंत त्याच्या मुलानं पुढे लिहून ठेवली. मग आपल्याकडचे हौशी लोक सिमेंटचे खडक करतात. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि खडे मीठ. मीठ विरघळतं आणि छिद्रं उरतात, त्यांत जिवाणू राहतात. फक्त सिमेंटचा क्षार निघून जाईपर्यंत ते खडक कित्येक आठवडे पाण्यात ठेवावे लागतात, पाणी बदलत.

पाणी बदलत. इथं माझं गाडं अडलं.

एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकरची वाट बघत घागरींची रांग असायची. आणि माझा पंखा रोज दोन लिटर पाणी उडवत होता. ती भर आरओच्याच पाण्यानं करायची, आणि आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते आम्ही भांड्यांना वापरायचो, तरीही. आई काही बोलली नाही. पण शेजारच्या काकू घागर घेऊन आल्या तेव्हा तिनं टाकीवर चादर टाकली.

उरलेले दोन क्लाउनफिश मी पुण्याच्या एका हौशी मित्राला नेऊन दिले. मागे राहिलं शंभर लिटर पाणी, आणि त्यातला एक तांब्याही कुणाला देता येत नव्हता. झाडाला चालत नाही, फरशीला चालत नाही, म्हशीला चालत नाही. शेवटी गच्चीवर ताडपत्रीच्या कडा विटांनी उचलून त्यात ओतलं. मेमध्ये पाच दिवसांत आटलं. खाली पांढरा थर राहिला, साधारण तीन किलोचा, आणि शेवटपर्यंत ओलसर. मॅग्नेशियम हवेतलं पाणी ओढतं म्हणून. तो मी पिशवीत भरून जिन्याखाली ठेवला. जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा पिशवीला पाणी सुटलं होतं.