सँडी कोफॅक्स : ऐन भरात थांबलेला पिचर

अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमधील विख्यात डावखुरे पिचर. सॅनफर्ड ऊर्फ सँडी कोफॅक्स यांचा जन्म ३० डिसेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात झाला. १९५५ ते १९६६ हे बाराही हंगाम ते डॉजर्स या एकाच संघाकडून खेळले. १६५ विजय, ८७ पराभव आणि २,३९६ स्ट्राइकआउट ही त्यांची एकूण कामगिरी. याहून मोठे आकडे अनेकांच्या नावावर आहेत. कोफॅक्स यांचे स्थान वेगळे ठरते ते दोन कारणांनी : अखेरच्या सहा हंगामांत त्यांनी गाठलेली उंची आणि त्या उंचीवर असतानाच, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी घेतलेली निवृत्ती.

पिचरचे काम

क्रिकेटमधील गोलंदाजाशी पिचरची तुलना केली जाते, ती काही अंशीच खरी आहे. गोलंदाज धावत येतो आणि चेंडू टाकताना त्याला कोपर सरळ करण्याची मुभा नसते. पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा राहून, हात कोपरात वाकवून चेंडू भिरकावतो. चेंडू टप्पा न पडता सुमारे साडेअठरा मीटर अंतरावरील फलंदाजापर्यंत जातो. या क्रियेचा सारा ताण खांद्यावर आणि कोपरावर येतो, म्हणूनच प्रत्येक सामन्यानंतर पिचरला काही दिवस विश्रांती द्यावी लागते. सामन्याचा जय वा पराजय त्याच्या नावावर नोंदला जातो. फलंदाजाला तीन स्ट्राइकमध्ये बाद करणे म्हणजे स्ट्राइकआउट. संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही यशस्वी फटका मारू न देणे म्हणजे नो-हिटर. दर नऊ डावांमागे पिचरने किती धावा दिल्या, या सरासरीवरून त्याची गुणवत्ता जोखली जाते. ही सरासरी जितकी कमी, तितका पिचर सरस.

सहा वर्षांची चाचपड

कोफॅक्स यांचे पहिले प्रेम बास्केटबॉल. सिनसिनाटी विद्यापीठातही ते बास्केटबॉल खेळत. त्यांच्या डाव्या हातातील वेग हेरून ब्रुकलिन डॉजर्सने १९५४ च्या अखेरीस त्यांना करारबद्ध केले आणि १४ हजार डॉलर बोनस दिला. हा बोनसच सुरुवातीला अडचणीचा ठरला. चार हजार डॉलरपेक्षा अधिक बोनस घेणाऱ्या नवोदितास किमान दोन वर्षे मुख्य संघात ठेवलेच पाहिजे, असा तेव्हाचा नियम होता. इतर तरुण पिचर दुय्यम स्पर्धांत खेळून हात घडवीत. कोफॅक्स यांना ती संधी मिळाली नाही. मुख्य संघात नियमित खेळणेही वाट्याला येत नव्हते.

१९५८ मध्ये डॉजर्स संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला, तरी त्यांची स्थिती फारशी पालटली नाही. चेंडूला वेग होता, दिशा नव्हती. पहिल्या सहा हंगामांची बेरीज ३६ विजय आणि ४० पराभव अशी होती. १९६० नंतर खेळ सोडण्याचा विचारही त्यांच्या मनात आला.

कलाटणी मिळाली ती १९६१ च्या वसंतातील एका सराव सामन्यात. सहकारी कॅचर नॉर्म शेरी यांनी त्यांना साधा सल्ला दिला : पूर्ण ताकदीने फेकण्याचा हट्ट सोडा, चेंडू सैल हाताने टाका आणि वळणाऱ्या चेंडूवर भर द्या. जोर थोडा कमी केल्यावर चेंडू हवा तेथे पडू लागला. त्या हंगामात कोफॅक्स यांनी १८ सामने जिंकले आणि २६९ स्ट्राइकआउट करून नॅशनल लीगचा तोवरचा विक्रम मोडला.

शिखरावरील वर्षे

१९६१ ते १९६६ या सहा हंगामांत त्यांच्या नावावर १२९ विजय आणि अवघे ४७ पराभव जमा झाले. १९६२ पासून सलग पाच वर्षे नॅशनल लीगमधील सर्वांत कमी धावसरासरी त्यांचीच होती. १९६३ मध्ये त्यांनी २५ सामने जिंकले, पाच गमावले. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी १५ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि डॉजर्सने ही मालिका ४-० अशी जिंकली. सर्वोत्कृष्ट पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार त्यांना १९६३, १९६५ व १९६६ मध्ये एकमताने मिळाला. त्या काळी दोन्ही लीग मिळून हा एकच पुरस्कार असे.

१९६२ पासून चार वर्षांत त्यांनी दर वर्षी एक याप्रमाणे चार नो-हिटर नोंदवले. त्यांपैकी चौथा, ९ सप्टेंबर १९६५ चा शिकागो कब्जविरुद्धचा सामना, ‘परफेक्ट गेम’ ठरला. प्रतिस्पर्ध्यांचे २७ फलंदाज आले आणि २७ ही बाद झाले. एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचता आले नाही. अखेरचे सहा तर ओळीने स्ट्राइकआउट झाले. कब्जचे पिचर बॉब हेंडली यांनीही त्या रात्री केवळ एकच फटका मारू दिला होता. डॉजर्स १-० असे जिंकले.

त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना ६ ऑक्टोबरला, म्हणजे योम किप्पुर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या पवित्र दिवशी आला. ज्यू असलेल्या कोफॅक्स यांनी त्या दिवशी खेळण्यास नकार दिला. डॉजर्स तो सामना हरले; कोफॅक्स खेळलेला दुसराही हरले. पुढे मात्र त्यांनी पाचवा सामना जिंकून दिला आणि केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर मिनेसोटा ट्विन्सविरुद्धचा निर्णायक सातवा सामना एकही धाव न देता २-० असा जिंकला.

कोपराचे दुखणे

हे यश ज्या हाताने मिळवले, तो हात एव्हाना खचत चालला होता. १९६२ मध्ये रक्तपुरवठा अडल्याने डाव्या हाताचे एक बोट बधिर झाले आणि त्यांचा निम्मा हंगाम वाया गेला. ऑगस्ट १९६४ मध्ये बेसकडे झेपावताना कोपराला मार बसला. त्यानंतरच्या तपासणीत संधिवाताचे निदान झाले. १९६५ च्या सराव शिबिरात एका सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी संपूर्ण हात रक्त साकळून काळानिळा पडला होता. आठवड्यातून एकदा खेळता आले तरी नशीब, असे डॉक्टर रॉबर्ट कर्लन यांचे मत होते.

प्रत्यक्षात त्या हंगामात कोफॅक्स यांनी ३३५ हून अधिक डाव टाकले, २६ सामने जिंकले आणि ३८२ स्ट्राइकआउटचा विक्रम केला. नोलन रायन यांनी १९७३ मध्ये ३८३ स्ट्राइकआउट करून तो मोडला. खेळण्यापूर्वी वेदनाशामक गोळ्या आणि अंगाची आग करणारे मलम, सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले कोपर, अधूनमधून सांध्यात इंजेक्शन असा त्यांचा क्रम झाला होता.

१९६६ च्या हंगामापूर्वी त्यांनी सहकारी पिचर डॉन ड्रायस्डेल यांच्यासह मानधनवाढीसाठी एकत्रितपणे खेळण्यास नकार दिला. खेळाडू संघाशी कायमचा बांधलेला असण्याच्या काळात हे पाऊल धाडसाचे होते. अखेर कोफॅक्स यांना सव्वा लाख डॉलर मान्य झाले. त्या वर्षी त्यांनी २७ विजय आणि १.७३ ही कारकिर्दीतील सर्वांत कमी धावसरासरी नोंदवली.

निवृत्ती आणि नंतर

१८ नोव्हेंबर १९६६ रोजी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. खेळ संपल्यानंतरही बरेच आयुष्य उरते आणि ते धड हाताने जगायचे आहे, हा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. कोपराच्या तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसरा स्नायुबंध बसवण्याची शस्त्रक्रिया डॉजर्सचेच डॉक्टर फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉन यांच्यावर प्रथम केली ती १९७४ मध्ये. कोफॅक्स यांच्या काळात जखमी कोपराच्या पिचरपुढे दोनच मार्ग होते : सोसत खेळणे किंवा थांबणे. त्यांनी दोन वर्षे पहिला मार्ग पत्करला, नंतर दुसरा.

१९७२ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांची बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली; इतक्या लहान वयात हा मान मिळवणारे ते पहिलेच. त्याच वर्षी डॉजर्सने त्यांचा ३२ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. काही वर्षे दूरचित्रवाणीवर समालोचन आणि पुढे डॉजर्सच्या तरुण पिचरना मार्गदर्शन, एवढाच त्यांचा नंतरचा सार्वजनिक वावर राहिला. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमबाहेर २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला.